वीज स्वस्त करतो म्हणणाऱ्या पक्षाला मत द्यावं का? माझं लांबलेलं उत्तर

तुम्ही विचारलंत की पहिल्यांदाच मत देणार आहे, घरचे एका पक्षाचे, मित्र दुसऱ्याचे, आणि दोन्हीकडचे वीज स्वस्त करतो, मोफत देतो म्हणतायत, तर वीज धोरणावरून पक्ष कसा ओळखायचा, आणि तुम्ही स्वतः कुणाला मत देता. शेवटचं आधी सांगतो. मी कुणाला देतो ते नाही सांगणार, आणि सांगून तुम्हाला उपयोगही नाही कारण गेल्या तीस वर्षांत मी एकाच पक्षाला सलग तीन वेळा दिलेलं नाहीये. पण कसं ठरवतो ते सविस्तर सांगतो. थोडं लांबेल, कारण माझी अख्खी नोकरी याच आकड्यांमधे गेली, आधी एका वीज कंपनीच्या लेखा विभागात, मग तिथेच टॅरिफ पिटिशन, म्हणजे दर ठरवून घेण्याचे अर्ज, तयार करायला, आणि रिटायर झाल्यावर आता ग्राहकांच्या बाजूने आयोगापुढे हरकती मांडतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. विजेचा दर सरकार ठरवत नाही. कायद्याने तो नियामक आयोग ठरवतो. महाराष्ट्रात 1999 साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आला, आणि 2003 च्या विद्युत कायद्याने त्याला पूर्ण बळ दिलं. कलम 62 खाली दर आयोगाने ठरवायचा, कलम 64 खाली कंपनीने अर्ज करायचा, तो जाहीर करायचा, लोकांच्या सूचना हरकती घ्यायच्या, आणि 120 दिवसांत निर्णय द्यायचा. आता सभेत कुणी म्हणतं "आमचं सरकार आलं की दर तीस टक्के कमी करू", तेव्हा तो माणूस जे अधिकार त्याच्याकडे नाहीत त्याचं आश्वासन देतोय. त्याच्या हातात एकच सरळ मार्ग आहे, कलम 65. एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर सरकारने त्या सवलतीची रक्कम कंपनीला आगाऊ द्यायची, आयोगाने ठरवलेल्या पद्धतीने. पैसे नाही दिले तर सरकारचा तो आदेश लागू होत नाही, असं त्या कलमात स्वच्छ लिहिलंय. म्हणजे "स्वस्त वीज" या शब्दांचा प्रत्यक्ष अर्थ "मी अर्थसंकल्पातून इतके पैसे बाजूला काढीन" एवढाच होतो. ते पैसे कुठून हे जो सांगत नाही तो अर्धंच सांगतोय.

यावर लोक चिडतात, म्हणतात तुम्ही शेतकऱ्याच्या विरोधात. अजिबात नाही. शेतीला वीज सवलतीत मिळाली पाहिजे या मताचा मी आहे, माझ्या वडलांनी रात्री दोन वाजता पंप चालू करायला जाताना साप बघितलेले आहेत. मला राग येतो तो पैसे कोण भरतंय हे लपवण्याचा. 2024 च्या जुलैमधे राज्य सरकारने साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल 2024 पासून मार्च 2029 पर्यंत मोफत वीज जाहीर केली, सुमारे 44 लाख शेतकरी, वर्षाला 14,760 कोटी. यातले 6,985 कोटी आधीपासून सवलतीपोटी जातच होते आणि 7,775 कोटी नवे. भागाकार करून बघा, शेतकऱ्यामागे वर्षाला साधारण साडेतेहतीस हजार होतात, आणि पाच वर्षांचे 73,800 कोटी. हे योग्य की अयोग्य यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो, पण निदान आकडा समोर आला, शासन निर्णयात आला. त्या योजनेबद्दल माझा प्रश्न एवढाच असतो की दर तिमाहीला ती रक्कम कंपनीकडे खरोखर वर्ग होते का, का कागदावर समायोजन होतं. सत्तेतल्या पक्षाच्या प्रचारकाला हे विचारा आणि विरोधी पक्षाच्या प्रचारकाला विचारा की तुम्ही ही योजना ठेवणार की बंद करणार, ठेवणार तर पैसे कुठून. दोघांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

2004 आठवतं? तुम्ही लहान असाल. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर शिवसेनेने शेतकऱ्यांना मोफत विजेचं आश्वासन दिलं, तर सुशीलकुमार शिंद्यांच्या सरकारने निवडणुकीआधीच ती जाहीर करून टाकली. निवडणूक जिंकली, आणि 2005 मधे विलासराव देशमुखांच्या सरकारने ती योजना मागे घेतली. ज्यांनी त्या आश्वासनावर मत दिलं त्यांचं काय? आणि त्या काळात माझ्या टेबलावर जे झालं ते मी विसरलेलो नाही. मोफत म्हणल्यावर वसुली बंद पडते, लाईनमनला लोक दारात उभं करत नाहीत, आणि योजना मागे घेतल्यावरही ती सवय तशीच राहते, थकबाकी वाढत जाते, तिच्यावर व्याज चढतं. त्या शेतकऱ्यानेही चुकीचं काही केलेलं नसतं, त्याला सरकारनेच सांगितलेलं असतं भरू नको म्हणून.

आता आतली गोष्ट सांगतो, कारण नैतिकतेचा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा भेटला. बऱ्याच शेतीपंपांना मीटरच नसतो, बिल एचपीवर येतं. मग शेतीने एकूण किती युनिट वापरली हे मोजलेलं नसतं, अंदाज असतो. आणि जिथे अंदाज आहे तिथे सगळं झाकता येतं. कुणी तारेवर आकडे टाकून वीज चोरली, कुठे डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) जळून तारा गळतायत, कुठे कारखान्याचा मीटर मॅनेज झालाय, हे सगळं "शेतीचा वापर" या रकान्यात टाकलं की गळती, म्हणजे वाटेत हरवलेली वीज, कमी दिसते आणि सरकारकडून अनुदानही जास्त मागता येतं. नोकरीच्या सहाव्या वर्षी मला एका साहेबांनी सांगितलं, हा फरक शेतीत टाक. मी टाकला. नवीन लग्न, घराचे हप्ते, आणि सगळेच टाकतात म्हणून टाकला. बदनामी झाली ती शेतकऱ्याची, की शेतकरी फुकट वीज खातो, आणि त्यातली कितीतरी त्याने खाल्लेलीच नव्हती. हे मला अजून टोचतं. आयोग आल्यावर, आकडे सुनावणीत उघडे मांडावे लागायला लागल्यावर राज्यातली कागदावरची गळती एकदम वाढली. गळती वाढली नव्हती हो, ती आधीपासूनच तेवढी होती, फक्त मोजायला कोणीतरी बसलं.

म्हणून मला आयोग ही चीज इतकी महत्वाची वाटते. आयोग नसताना काय होतं ते आपल्याच राज्यात बघितलंय आपण, एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या प्रकल्पात. डिसेंबर 1993 मधे शरद पवारांचं सरकार असताना दाभोळच्या प्रकल्पाशी वीजखरेदी करार झाला, स्पर्धात्मक निविदा नाही, पैसे डॉलरशी बांधलेले, वीज घ्या नाहीतर क्षमतेचे पैसे द्याच अशी अट. जागतिक बँकेने त्याच वर्षी सांगितलं होतं की हा प्रकल्प परवडणारा नाही आणि कर्ज द्यायला नकार दिला होता. मग 1995 ला शिवसेना-भाजप युती एन्रॉन समुद्रात बुडवू म्हणत सत्तेत आली, ऑगस्टमधे करार रद्द पण केला, आणि काही महिन्यांत परत वाटाघाटीला बसून उलट दुसऱ्या टप्प्यासकट मोठा करार केला. केंद्राच्या काउंटर गॅरंटीला, म्हणजे राज्याने पैसे नाही दिले तर केंद्र देईल या हमीला, मंजुरी मे 1996 मधे वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने दिली. वीज 1999 ला सुरू झाली आणि 2001 मधे राज्य वीज मंडळाने ती घेणं बंद केलं कारण बिल भरणं अशक्य झालं होतं. माधव गोडबोले समितीने नंतर हे सगळं तपासलं. पुण्याच्या प्रयाससारख्या गटाने तर नव्वदच्या दशकातच त्या कराराचे आकडे मांडून धोका दाखवला होता, आणि त्यांना ऐकून घेणारी जागाच नव्हती कारण तेव्हा ना आयोग होता ना जनसुनावणी. यात कुठला एक पक्ष वाईट आणि दुसरा चांगला असं तुम्ही काढून दाखवा. करार करणारे वेगळे, रद्द करणारे वेगळे, आणि रद्द करणारेच परत करणारे. मी तेव्हा तिशीच्या आतला होतो, बुडवू म्हणणाऱ्यांना मोठ्या आशेने मत दिलं होतं, आणि 1996 नंतर मी पक्षाकडे बघायची माझी रीतच बदलली.

तेव्हापासून माझी कसोटी अशी आहे, पक्ष पंचाशी, म्हणजे आयोगाशी, कसा वागतो. निर्णय त्याच्या सोयीचा आल्यावर सगळेच पंचाचं कौतुक करतात, निर्णय अंगावर आल्यावर काय करतो ते बघायचं. आयोगात अध्यक्ष आणि सदस्य मिळून तीन माणसं असतात. निवड समितीत उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, राज्याचे मुख्य सचिव आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाचे किंवा केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष असतात, पाच वर्षांची मुदत, त्याच पदावर परत नेमणूक नाही. कागदावर व्यवस्था चांगली आहे. पण आयोगाला मोडायला कायदा बदलावा लागत नाही. पदं रिकामी ठेवली की झालं, देशात कितीतरी राज्यांत महिनोन्‌महिने ती रिकामी राहिलेली आहेत. किंवा वर्षानुवर्षं सरकारातच काम केलेला, मंत्र्याच्या फोनची सवय असलेला माणूस बसवला की झालं. किंवा कंपनी सरकारी असल्यामुळे तिला सांगायचं की यंदा निवडणूक आहे, दरवाढीचा अर्जच करू नको. अर्जच नाही तर आयोग काय करणार? म्हणूनच 2011 मधे वीज अपीलीय न्यायाधिकरणाला सगळ्या आयोगांना सांगावं लागलं की कंपनीने अर्ज केला नाही तर स्वतःहून दर ठरवायची प्रक्रिया सुरू करा.

दर रोखून धरले की ते पैसे गायब होत नाहीत हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. ते साठतात, त्याला रेग्युलेटरी ॲसेट म्हणतात, नाव ऐकून मालमत्ता वाटते पण ग्राहकाच्या नावावरची उधारी असते ती, व्याजासकट. दिल्लीतल्या तीन वितरण कंपन्यांची अशी उधारी 27 हजार कोटींच्या वर गेली आणि ऑगस्ट 2025 मधे सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच राज्यांना हे साठलेलं ठराविक वर्षांत फेडायला सांगितलं. तिथे या काळात राज्य करणारे पक्ष बदलले, उधारी वाढतच राहिली. 2015 ची उदय योजना आठवा, त्यात राज्यांनी वितरण कंपन्यांचं 75 टक्के कर्ज स्वतःच्या अंगावर घेतलं. म्हणजे जे बिलात भरलं नाही ते करातून भरलं. आणि दुसरा मार्ग क्रॉस सबसिडीचा. समजा एक युनिट पोचवायला सरासरी नऊ रुपये लागतात, एकाला पाचला दिली तर तेवढीच घेणाऱ्या दुसऱ्याला तेराला विकावी लागते. राष्ट्रीय दर धोरण म्हणतं की कुठल्याही वर्गाचा दर सरासरी खर्चाच्या वीस टक्के वर-खाली यापलीकडे जाऊ नये. ते पाळलं गेलं नाही की तेराला घेणारा कारखाना छतावर सोलर टाकतो किंवा ओपन ॲक्सेसने, म्हणजे वितरण कंपनी सोडून थेट दुसऱ्याकडून, वीज घेतो, आणि मग त्याच्या वाट्याचा भार मागे राहिलेल्या किराणा दुकानदारावर आणि तुमच्या घरावर येतो.

महाराष्ट्रात अगदी अलीकडे काय झालं बघा. जनसुनावण्या वगैरे होऊन 28 मार्च 2025 ला आयोगाने महावितरणचे दर कमी करणारा आदेश दिला. पाच दिवसांत, 2 एप्रिलला, कंपनीच्या अर्जावर त्याला स्थगिती आली, आकड्यांत चुका आहेत म्हणून, आणि जूनमधे फेरविचाराचा वेगळा आदेश आला. दर पहिल्यांदाच कमी होतायत असं सरकारकडून सांगितलं गेलं. कंपनीचं म्हणणं काही बाबतीत बरोबरही असू शकेल, हिशोबात चुका होतात, माझ्याही झाल्यात. पण ज्या आदेशासाठी लोक कामधंदा सोडून सुनावणीला येऊन बोलले तो पाच दिवसांत थांबतो तेव्हा त्यांना काय वाटत असेल? अशा वेळी तुमचा आमदार, कुठल्याही पक्षाचा, या विषयावर विधानसभेत तोंड उघडतो का हे मी बघतो. नुसतं दर कमी करा म्हणणारा नको, आयोगाची प्रक्रिया नीट करा म्हणणारा पाहिजे.

मग मी प्रत्यक्षात ठरवतो कसं. सगळ्यात आधी, तोच पक्ष त्याच प्रश्नावर विरोधात असताना काय बोलला आणि सत्तेत काय केलं. मार्च 2021 चं अधिवेशन घ्या, थकबाकीदारांची वीज तोडण्यावरून विरोधी पक्ष भाजपने गोंधळ घातला, अजित पवारांनी सभागृहात तोडणीला स्थगिती जाहीर केली, आणि अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ती उठवली. स्मार्ट मीटरचं घ्या, 2023 मधे कंत्राटं दिली गेली, विरोध वाढल्यावर जून 2024 मधे सांगितलं की सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही, नोव्हेंबरची निवडणूक झाली, आणि नंतर टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारा) मीटर या नावाने, पोस्टपेड म्हणून, घरोघरी मीटर बदलायला माणसं आलीच. एक आघाडीचं सरकार, एक युतीचं. मीटर चांगला की वाईट हा वेगळा विषय आहे, मला स्वतःला नीट मोजणारा मीटर हवाच आहे. पण निवडणुकीआधी एक सांगायचं आणि नंतर वेगळ्या नावाने तेच करायचं याला मी सरळ अनैतिक म्हणतो.

दुसरं, पैसा. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 ला रद्द केले आणि यादी बाहेर आली, त्यात ऊर्जा, खाण, पायाभूत सुविधा वाल्या कंपन्या होत्या आणि घेणाऱ्यांत जवळपास सगळे मोठे पक्ष. 2017 पर्यंत कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची, ती मर्यादा तेव्हा काढली गेली. जो व्यवसाय नियमनावर चालतो त्याने नियमन करणाऱ्या सरकारच्या पक्षाला पैसे द्यावेत यात मला मुळातच खोट दिसते, पण देणारच असतील तर निदान दिसू दे. ही यादी सार्वजनिक आहे, एक संध्याकाळ द्या तिला.

मला दोन वेगवेगळ्या पक्षांनी जाहीरनाम्याचं विजेचं पान लिहायला बोलावलं होतं. पहिल्यांदा मी सवलतीच्या खाली खर्चाचा आकडा आणि तो कुठून येईल हे दोन ओळीत लिहून दिलं. छापून आलं तेव्हा सवलत होती, दोन ओळी नव्हत्या. फोन केला तर म्हणाले काका, लोकांना आकडे नको असतात. वास्तविक 2013 मधे सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर निवडणूक आयोगाने 2014 पासून आचारसंहितेतच घातलंय की आश्वासनामागचं कारण आणि पैशाची व्यवस्था ढोबळ तरी सांगा. दुसऱ्या पक्षाने ते पान ठेवलं, अगदी जसंच्या तसं, आणि ते त्या भागात हरले. पुढच्या वेळी मी त्या हरलेल्या पक्षाला मत दिलं, त्यांची बाकीची अर्धी मतं मला पटत नसून सुद्धा. घरात भांडण झालं त्यावरून, मेव्हणा पक्का दुसऱ्या बाजूचा, दोन दिवाळ्या नीट बोलला नाही. पण ज्याने मला गृहीत धरलं नाही, माझ्यापुढे हिशोब ठेवला, त्याला मी काहीतरी परत द्यायला हवं असं मला मनापासून वाटलं. तो पक्ष सत्तेत आल्यावर तसाच राहील का याची खात्री मला तेव्हाही नव्हती.

आणि 2022, 2023 मधे राज्यातले पक्ष फुटले त्यानंतर नुसता पक्ष बघून भागतच नाही, कारण तुम्ही ज्या चिन्हावर शिक्का... बटण दाबता ते चिन्ह आणि तो माणूस पाच वर्षं एकत्र राहतील याची खात्री कोण देणार. म्हणून उमेदवार बघा. त्याचं शपथपत्र, फॉर्म 26, निवडणूक आयोगाच्या साइटवर असतं, त्यात सरकारी निवासस्थानाचं वीजबिल, पाणीबिल थकलंय का हे पण लिहावं लागतं. गावात विचारा, आकडा टाकलेला पकडला की सोडवायला फोन कुणाचा येतो. डीपी जळाल्यावर थकबाकी नसलेल्यांनाही आठ आठ दिवस अंधारात ठेवतात तेव्हा उपविभागाच्या कार्यालयात कोण जाऊन बसतो. या दोन माणसांमधे जमीन अस्मानाचा फरक आहे आणि त्यात पक्षाच्या जाहीरनाम्यापेक्षा जास्त कळतं.

वीज हा एकच विषय धरून मत द्या असंही माझं म्हणणं नाही, तुम्हाला शाळा, नोकरी, जात, धर्म, शेतमालाचे भाव सगळं तोलायचंय आणि ते तुमचं तुम्हीच. मला हा एक विषय आतून कळतो म्हणून यावर एवढं बोललो. घरचे रागावतील तर रागावू द्या.

एक काम मात्र मत देण्याच्या आधीही करता येईल. मागच्या महिन्याचं बिल काढा आणि स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, विद्युत शुल्क या प्रत्येकासमोर लिहा की हे कोण ठरवतं. पहिले चार आयोगाच्या आदेशाने येतात. विद्युत शुल्क, घरगुतीला 16 टक्के, तो राज्य सरकारचा कर आहे, तिथे सरकारला आयोगाची परवानगी लागत नाही, आणि तरी वीज स्वस्त करतो म्हणणाऱ्या कुणाच्याही भाषणात मी तो कमी करायचं ऐकलेलं नाही. प्रचाराला दारात येतील त्यांना हे विचारा, आणि काय म्हणाले ते मला कळवा. पुढच्या दर अर्जाची जाहीर सूचना पेपरात आली की हरकत कशी लिहायची तेही सांगीन, वकील लागत नाही, साध्या मराठीत एक पान पुरतं, आणि मुदतीत पोचलेल्या हरकतीची दखल त्यांना घ्यावीच लागते.